फटीतला सूर

अल्टन ब्रॉडरचा फोन आला तेव्हा आल्वा टॉल्टी एका अंगणात दुधाचा टँकर मागे घेत होती. तिने फोन घेतला, ब्रेक दाबायचा राहिला, आणि गोठ्याच्या भिंतीचा एक कोपरा गेला. भिंत तशी जुनीच होती.

"तुझा नंबर आला," अल्टन म्हणाला.

अल्टन आयरिश पाइप बनवायचा, म्हणजे कोपराच्या भात्याने पिशवीत वारा भरून वाजवायचं वाद्य. आल्वाने त्याच्याकडे पाइपसाठी नंबर लावला तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते, तिचं एकाशी लग्न ठरलेलं होतं आणि अल्टनचे दोन्ही गुडघे स्वतःचे होते. आता तिचे केस कानापर्यंत होते, लग्न ठरलेला माणूस ऑस्ट्रेलियात दुसऱ्याच कुणाचा नवरा होता, आणि अल्टनचा उजवा गुडघा लिमरिकच्या इस्पितळाने दिलेला होता. पण नंबर आला होता. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात माणसं शब्द पाळतात, वेळ पाळत नाहीत.

"कुठला सूर?" अल्टनने विचारलं.

"पांढरी सात," आल्वा म्हणाली. "थेडीचा सूर."

"थेडीचा सूर पांढरी सात होता असं तुला कुणी सांगितलं?"

"कॅसेटने."

"कुठल्या टेपवर वाजवलेल्या?"

बाहेर गोठ्याचा मालक उरलेल्या भिंतीकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होता.

"हे बघ पोरी," अल्टन म्हणाला, "शनिवारी दुपारपर्यंत नक्की सांग. एकदा लाकूड पोखरलं की पोखरलं. मग सूर बदलायचा म्हणजे नवा पाइप, आणि तुझा पुढचा नंबर येईपर्यंत मी वर देवदूतांच्या वीणा दुरुस्त करत असेन. तुझं ठरलं नाही तर तुझ्यामागे ओसाकाचा एक दातांचा डॉक्टर आहे. त्याचं ठरलंय. रोज मेल करतो. फार नम्रपणे करतो. मला आता त्याची भीती वाटायला लागलीय."

आता सुराची भानगड अशी. सगळं जग पाइप वाजवतं तो पांढरी दोनमध्ये. व्हायोलिनवाले, बासरीवाले, सगळे तिथेच जमतात, आणि तो पाइप पबमधल्या गोंगाटाला पुरून उरतो. पण जुन्या वळणाचा उतरता पाइप त्याच्या खाली असतो. काळी एक, पांढरी एक, त्याखालची पांढरी सात, नाहीतर अगदी तळाची काळी पाच. त्याचा आवाज मधासारखा, आणि तो वाजवणारा माणूस मधमाशीसारखा एकटा. कारण त्याच्याबरोबर वाजवायचं तर बाकीच्यांना तारा सैल कराव्या लागतात, आणि सैल तारांचं व्हायोलिन शिजलेल्या शेवयांसारखं वाजतं.

थेडी टॉल्टी हा आल्वाच्या आजोबांचा भाऊ. तो वाजवायचा तेव्हा आल्वा टेबलाखाली बसायची, आणि त्याच्या पाइपच्या, एकच सूर धरून ठेवणाऱ्या सूरनळ्यांची घरघर लाकडातून तिच्या पाठीत उतरायची. तो गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याचा पाइप एका पुतण्याने बॉस्टनच्या माणसाला दिला आणि बदल्यात होडीचं इंजिन घेतलं. इंजिन पहिल्याच उन्हाळ्यात होडीसकट तळ्यात गेलं. मागे राहिली फक्त एक कॅसेट आणि आल्वाच्या पाठीतली ती घरघर. तिला तोच सूर हवा होता. त्याच्या शेजारचा नको होता. दुधाचा टँकर हाकून तिने त्यासाठी पैसे जमवले होते, आणि संधी एकच होती.

गुरुवारी संध्याकाळी क्युसॅकच्या पबात नेहमीची मंडळी वाजवायला बसली होती. आल्वाने कॅसेट काउंटरमागच्या टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं.

थेडी वाजायला लागला. काळी पाचमध्ये.

"हा सातचा आहे," आल्वा म्हणाली.

"मग हा टेप झोपेत आहे," जार्लथ क्रोटी म्हणाला. जार्लथ गावातला उत्तम व्हायोलिनवादक आणि एकमेव अंत्यविधीवाला. दोन्ही कामांना तो एकच काळा कोट घालायचा. "माझ्या ट्रॅक्टरमध्ये लावलीस तर पांढरी एक येते. चढावर थोडी उतरते."

"तुझ्याकडेही कॅसेट आहे?"

"आख्ख्या गावाकडे आहे. तुझ्या बापानेच वाटल्या. माझ्या बायकोच्या मशीनवर तर काळी एकमध्ये वाजतो थेडी. त्याला अर्धा तास आधीच घरी जायचंय असं वाटतं."

आल्वा खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती ज्या सुरासाठी तळमळत होती, तो थेडीचा नव्हताच. तो टँकरमधल्या टेपचा वेग ठरवणाऱ्या रबरी पट्ट्याचा होता.

"एवढं काय मनाला लावून घेतेस," जार्लथ म्हणाला. "पांढरी एक घे. आम्ही जरा तारा उतरवू, जरा शिव्या देऊ, निभेल. काळी पाच घेतलीस तर मात्र माझ्याकडच्या अंत्ययात्रांनाच वाजव. गिऱ्हाइकांची तक्रार नसते."

"मला थेडीचा हवा."

"थेडी काय आता उठून सांगणारे? मी स्वतः पुरलाय त्याला. माझं काम पक्कं असतं."

तेवढ्यात कोपऱ्यातून भात्याचा सुस्कारा आला आणि सगळे गप्प बसले. डीलिया टॉल्टी, थेडीची धाकटी बहीण, आल्वाच्या बापाची आत्या आणि म्हणून सगळ्या गावाची आत्या, वय चौऱ्याऐंशी, हिने मांडीवरची काँसर्टिना, सहा कोनांची भात्याची हातपेटी, उघडली होती. आत्या वाजवायची तेव्हा बाकीच्यांनी थांबायचं असा पबचा रिवाज होता. लोक म्हणायचे हा मान आहे. खरं कारण असं की तिच्या काँसर्टिनाचा सूर कशातच बसत नसे. तिच्याबरोबर कुणी एक फेरी वाजवायचा प्रयत्न केला तर कुत्री उठून बाहेर जायची. आतल्या सूर देणाऱ्या पत्त्या कानशीने घासून ती पेटी जुळवून घ्या म्हणून तिला कितीदा सांगून झालं होतं.

तिची गत संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते लगबगीने काउंटरकडे गेले.

"पेटी घासून घ्या आत्या," जार्लथ सवयीने म्हणाला.

"माझी पेटी बरोबर आहे," आत्या सवयीने म्हणाली. "गाव उतरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्वा दुधाच्या फेरीला निघाली ती कॅसेट ऐकतच. ऐकत कसली, तिच्यावर डोळे वटारत. चार टेप, चार सूर. थेडीच्या गती एकामागून एक गेल्या, आणि शेवटच्या गतीच्या मध्येच तो थांबला. नेहमीच थांबायचा. तिकडे मागे कुठेतरी चर्चची अँजेलसची घंटा वाजत होती. घंटा वाजली की माणसाने हातातलं काम सोडून प्रार्थना म्हणायची. थेडीने गत वाजवणारी बोलती नळी मांडीवर दाबून गप्प केली होती, पण सूरनळ्या तशाच चालू ठेवल्या होत्या. ही त्याची खोड होती. पिशवीत वारा उरलाय तो वाया कशाला घालवायचा, असं त्याचं म्हणणं. तेव्हाच्या पाद्रीबुवांनी यावर एक अख्खं प्रवचन दिलं होतं. कॅसेटवर तीन टोले, थांबा, तीन टोले, थांबा, आणि खालून सूरनळ्यांची अखंड घरघर. मग थेडी म्हणतो, "आमेन," आणि जिथे सोडली होती तिथूनच गत उचलतो.

आल्वाने ब्रेक दाबला. या वेळी वेळेवर दाबला. मागे टाकीत दूध डुचमळलं.

टेप खोटं बोलू शकतो. रबरी पट्टा खोटं बोलू शकतो. पण घंटा कशी खोटं बोलेल? टेपवरची घंटा चर्चच्या घंटेसारखी वाजेपर्यंत टेपचा वेग फिरवायचा. घंटा घंटेला मिळाली की खालची घरघर आपोआप थेडीची.

ती टँकर घेऊनच चर्चच्या दारात गेली.

"घंटा?" फादर फिंटन म्हणाले. "कुठली घंटा? मनोऱ्यात भोंगा आहे. हा बघ रिमोट. ही घंटा इटलीतली आहे, रेकॉर्डिंग. फार सोय. चढायला नको, ओढायला नको."

"आणि खरी?"

फादर जरा अवघडले. त्यांनी तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे भिंतीच्या कडेला, तीन विटांवर, उलटी करून ठेवलेली घंटा होती. तिच्यात जिरेनियम फुलले होते.

"या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं," फादर म्हणाले.

"फादर, ही मला टांगून हवी."

"अगं, मुळं धरलीत त्यांनी."

"फादर, माझ्या पाइपचा प्रश्न आहे."

क्लेअरमधल्या पाद्रीबुवांना कुठला प्रश्न कुठल्या प्रश्नाच्या वर असतो हे पक्कं कळतं. त्यांनी एक उसासा सोडला आणि ते खुरपं आणायला गेले.

शनिवारी दुपारी सगळी तयारी झाली. जिरेनियम ढकलगाडीत बसून हे सगळं बघत होते. जार्लथने आपला ट्रॅक्टर आणला, आणि शवपेटी खड्ड्यात उतरवायचे आपले पट्टे.

"हे पट्टे आजवर कधी कुणाला वर घेऊन गेले नाहीत," तो म्हणाला. "पट्ट्यांनाही बरं वाटेल."

घंटा वर उचलली गेली. आतून मातीचं ढेकूळ पडलं, एक गांडूळ पडलं आणि मग ती झुलत स्थिर झाली. लोलक केव्हाच निखळलेला होता. तो फादरांच्या स्वयंपाकघराचं दार अडवायच्या कामाला होता. जार्लथने तो हातात घेतला आणि घंटेच्या कडेवर टोला दिला.

रस्त्यापलीकडच्या शेतातल्या गाईंनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत इटलीच्या घंटेकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

आल्वाने टेप चालू केला. पण जार्लथने पुन्हा टोला दिला आणि त्या आवाजात टेप पार बुडून गेला. ट्रॅक्टरवर टांगलेल्या घंटेपुढे एक हातभर मशीन, मारुतीपुढे माशी.

"भोंग्याला जोडा," फादर म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "मनोऱ्यातल्या. वायर आहे माझ्याकडे."

"फादर, तुमच्या त्या रिमोटने माझ्या एका गिऱ्हाइकाला लग्नाच्या संगीतावर पोचवलंय," जार्लथ म्हणाला. "जपून."

वायर जोडली. आल्वाने टेपच्या पाठीमागच्या बारीक भोकात छोटा पेचकस घातला, तिथे मोटरचा वेग कमीजास्त करायचा स्क्रू असतो. तेवढ्यात अल्टन ब्रॉडरची गाडी येऊन थांबली. तो गुडघा सांभाळत उतरला, हातात सूर मोजायचं यंत्र. समोर ट्रॅक्टर, त्याला लटकलेली घंटा, लोलक धरलेला अंत्यविधीवाला, वायरी गुंडाळणारे पाद्रीबुवा. त्याने सगळं एकदा बघितलं.

"सुराचं काही ठरलं का?" तो म्हणाला.

"ठरतंय," आल्वा म्हणाली. "मार रे जार्लथ."

मनोऱ्यातून थेडीच्या काळातली घंटा वाजली आणि खालून तीच घंटा वाजली, आणि दोन्ही एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. वाँव-वाँव-वाँव-वाँव. दारं उघडली, लोक बाहेर आले. क्युसॅकने पबच्या दारात येऊन टोपी काढली, कारण काय चाललंय हे कळत नसलं तरी टोपी काढलेली बरी. आल्वाने स्क्रू केसभर फिरवला. वाँव, वाँव. अजून केसभर. वाँऽऽव. वाँऽऽऽऽव. तिने श्वास रोखला आणि मनगट नुसतं मनात फिरवावं तसं फिरवलं.

दोन्ही घंटा एक झाल्या.

आणि त्यांच्या खाली, मनोऱ्याच्या उंचीवरून, आख्ख्या गावावर थेडीच्या सूरनळ्यांची घरघर पसरली. आल्वाला ती कानात यायच्या आधी पाठीत आली. तीच. टेबलाखालची. वर आकाशातून थेडी म्हणाला, "आमेन," आणि त्याने गत उचलली.

रस्त्यावर कुणी हललं नाही. "मी पुरला होता," जार्लथ हळूच म्हणाला, स्वतःलाच बजावल्यासारखं.

अल्टन यंत्राकडे बघत होता. त्याने ते झटकलं आणि परत बघितलं.

"पांढरी सात नाही," तो म्हणाला. "पांढरी एकही नाही. बरोब्बर मध्ये."

"मध्ये काय असतं?" फादरांनी विचारलं. "त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तर काळीसुद्धा नाही."

"फट असते," जार्लथ म्हणाला. "तिच्यात बिस्किटाचा चुरा असतो."

अल्टनने यंत्र खिशात टाकलं आणि तो आल्वासमोर उभा राहिला. "नीट ऐक. सात घेतलीस तर जगात कुठेतरी चार माणसं भेटतील बरोबर वाजवायला. एक घेतलीस तर चाळीस. या सुरात कुणी भेटणार नाही. व्हायोलिनवाले धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत. मलाही भोकांची मापं पहिल्यापासून काढावी लागतील, पोखरायची सळईसुद्धा नवी. एकदा केला की जन्मभर एकटीने वाजवत बसशील. स्वयंपाकघरात. भिंतीकडे तोंड करून."

आल्वाने जार्लथकडे बघितलं. तो लोलकाकडे बघत होता. खरं म्हणजे पांढरी एक वाईट नव्हती. लोक होते, गुरुवार होते. नऊ-दहा वर्षं ज्यासाठी थांबली ते सगळ्यांच्या बरोबर वाजवायचं सोडून फटीत जाऊन बसायचं?

मनोऱ्यातून थेडी वाजतच होता. एकटा माणूस इतका खुशीत वाजवत नाही.

"फटीतला कर," आल्वा म्हणाली.

"नक्की?"

"भिंतीकडे तोंड केलं की घर छान घुमतं."

अल्टन काही बोलायच्या आत रस्त्यापलीकडून दुसरा आवाज आला. थेडीची गत चालली होती तीच गत, त्याच चालीत, थेडीच्या मांडीला मांडी लावून बसावं इतक्या जवळून. एकही स्वर खटकत नव्हता. दोन आवाजांच्या मध्ये सुरीचं पातं जाईल एवढीही जागा नव्हती. पबचं कुत्रं उठलं, बाहेर आलं आणि रस्त्याच्या मधोमध शांतपणे बसलं.

डीलिया आत्या आपल्या दाराच्या पायरीवर बसली होती, अंगात घरातला एप्रन, हाताला पिठाचे पांढरे डाग, मांडीवर काँसर्टिना. गत संपली. वर थेडी थांबला, खाली आत्या थांबली, दोघं एकाच क्षणी.

सगळा जमाव रस्ता ओलांडून गेला.

"आत्या," आल्वा पेटीकडे बोट दाखवत म्हणाली, "हा... तुझा सूर..."

"आमचा," आत्या म्हणाली. "थेडीने पाइप बनवून घेतला तो माझ्या पेटीवरूनच. पेटी काही घासायची नव्हती. आईची होती."

"मग तू सांगितलं का नाहीस? मी चार टेप पालथे घातले! घंटा उपसली!"

"माझे जिरेनियम," फादर म्हणाले.

"मला विचारलं कुणी?" आत्या म्हणाली. "परवा क्युसॅककडे तुम्ही माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून भांडत होतात. विचारलं असतंत तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं. आणि सांगितलं असतं तरी तुम्ही काय म्हणाला असतात? आत्याची पेटी घासायला झालीय."

जार्लथने कोटाच्या कॉलरला हात लावला. एरवी गिऱ्हाइकाच्या घरच्यांसमोर बोलतो त्या आवाजात तो म्हणाला, "आत्या, मी तीस वर्षं चुकीचं बोललो."

"तू तीस वर्षं चुकीचं वाजवलंस. बोललास ते त्यामानाने बरं होतं. आत या सगळे. ब्रेड भट्टीत आहे, आणि कुणी काढला नाही तर तोही थेडीकडे जाईल."

अल्टनने तिच्या स्वयंपाकघरात बसून, लोणी लावलेल्या ब्रेडचे तीन तुकडे खाऊन, काँसर्टिनाचा एकेक स्वर मोजून घेतला. ओसाकाच्या डॉक्टरला त्याने तिथूनच मेल केला की थोडं थांबा. उलट मेल आला. फारच नम्र.

पाइप व्हायला पुढचा उन्हाळा लागला. त्यात दोन वेळा लाकूड फुटलं, एक वेळा सळई फुटली आणि एकदा अल्टन स्वतःच फुटला, पण परत सांधला. ज्या गुरुवारी आल्वा तो मांडीवर घेऊन क्युसॅककडे बसली त्या दिवशी पबात पाय ठेवायला जागा नव्हती. डीलिया आत्या कोपरा सोडून मध्ये बसली होती, नवं पोलकं घालून.

आल्वाने कोपराने भाता हलवला, पिशवी भरली आणि सूरनळ्या उघडल्या. लाकडी टेबलावर ठेवलेले ग्लास बारीक थरथरले. आत्याने डोळे मिटले आणि त्यांनी गत उचलली. तिसऱ्या फेरीला आत्याचा म्हातारा पाय असा काही जमिनीवर पडायला लागला की बाजूच्या माणसाने आपला पाय काढून घेतला. कुणी पाहिलं नव्हतं तिला कुणाबरोबर वाजवताना, आणि आता ती आल्वाला पुढे ढकलत होती, मागे खेचत होती, मध्येच तिला सोडून भलतीकडे जात होती आणि बरोबर समेवर परत येऊन भेटत होती. आल्वा हसत होती. पाइप वाजवताना तोंड मोकळं असतं, म्हणून हसता येतं.

जार्लथ व्हायोलिनच्या खुंट्या फिरवत बसला होता. इकडे फिरव, तिकडे फिरव, कपाळावर घाम. एक तार ठण्णकन तुटली. त्याने ती खिशात टाकली आणि उरलेल्या तीन तारा फटीत बसवल्या. त्याच्यामागून बासरीवाल्याने बासरीचा सांधा ओढून लांब केला. खिडकीजवळचा एक जण नुसता चमचे वाजवायला लागला, कारण चमच्यांना सूर लागत नाही. हळूहळू, शिव्या देत, घसरत, सगळा पब त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसला, आणि तिथे जागा भरपूर निघाली.

सहा वाजता मनोऱ्यात घंटा वाजली. खरी. फादरांनी ती परत चढवली होती, जिरेनियमना इटलीच्या भोंग्याचा पेटारा मिळाला होता. पबातले सगळे हात थांबले. आल्वाने बोलती नळी मांडीवर दाबली आणि सूरनळ्या तशाच ठेवल्या, कारण पिशवीत वारा उरला होता. घंटा आणि घरघर एकमेकींत मिसळून ग्लासांतून, फळ्यांतून, पाठीतून गेली. दारातून फादर फिंटन आत आले. प्रवचन देतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी नुसती टोपी काढली आणि बसायला जागा शोधली.

"आमेन," आत्या म्हणाली, आणि एका डोळ्याने जार्लथकडे बघितलं. "काय रे, कशी आहे माझी पेटी?"

"बरोबर आहे आत्या."

"आणि गाव?"

"गाव चढतंय," जार्लथ म्हणाला, आणि तीन तारांवर गज टेकवला.

आल्वाने जिथे सोडली होती तिथूनच गत उचलली.